गोळीला उपास नसतो

माझ्या नितेशबद्दल बोलायला मी उभी राहिले की समोरच्या बायांचे पदर आधीच डोळ्यांकडे जातात. मी म्हणते, पदर खाली ठेवा, अजून मी काही बोललेले नाही. आधी हसायचं आहे. माझं पोर पंधरा वर्षं जगलं आणि त्यातली बरीचशी हसण्यात गेली. त्याची गोष्ट मी रडून सांगितली तर तो वरून माझीच नक्कल करून दाखवेल. नकलांमध्ये तो पटाईत होता. एसटीचा कंडक्टर, शाळेतले गुरुजी, भाकरी थापताना पुटपुटणारी मी, कोणालाच सोडायचा नाही.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. थोरली मुलगी लग्न होऊन जव्हारला गेली, शेंडेफळ नितेश. त्याला फिट यायची आणि त्या आजारानेच तो गेला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. ज्यांच्या घरात फिट येणारं माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचावं, शेजारी असतोच.

देव आला

आमच्याकडे होळीनंतर आणि पावसाच्या आधी बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे बांधून माणसं संबळाच्या तालावर नाचत गावातून येतात. त्याला सोंग काढणं म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या घराकडे मारुती आहे. पण माझे मालक संबळ वाजवतात, आणि कमरेला संबळ बांधून मारुतीला उड्या मारता येत नाहीत, म्हणून मारुती माझ्या दिराने सांभाळला होता.

नितेश अकरा वर्षांचा होता. बोहाड्याची शेवटची सकाळ, जगदंबा महिषासुराला मारायला निघालेली, संबळ टिपेला पोचलेला. त्या तालावर बायामाणसांच्या अंगात वारं येतं, त्याचं आम्हाला नवल नाही. नितेश माझ्या शेजारी उभा होता तो एकदम ताठ झाला, खाली कोसळला आणि हातपाय झटकू लागला. मी ओरडणार तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "हात नको लावूस. वारं आलंय पोराला."

वारं आलेल्या अंगाला हात लावायचा नाही, हा नियम. लोकांनी गोल केला. कुंकू आलं, नारळ फुटला. नितेश डोळे चोळत उठून बघतो तर अर्धं गाव त्याच्या पाया पडतंय. एवढ्याशा पोराच्या अंगात देवी आली म्हणून दोघीतिघी माझ्याही पाया पडल्या. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मुलांना खाऊ कमी मिळतो म्हणून मला तोंडावर बोलणाऱ्याच त्या बाया होत्या.

नितेशने घरी येऊन विचारलं, "आई, देवीला अंडं चालतं का?" मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, देवीला आज अंड्याचं कालवण खावंसं वाटतंय. देवी त्या दिवशी तीन अंडी खाऊन झोपली.

दुसऱ्यांदा देव आला तो शाळेत, भागाकार चालू असताना. गुरुजींनी मालकांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, देवाला गणिताच्या तासाला यायची हौस नसते. पोराला जव्हारला दाखवा."

तारा लावलेलं डोकं

जव्हारच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी त्यांना वाऱ्याचं, कुंकवाचं, नारळाचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आधी कोणता हात हलला, डोळे कुठे वळले, किती वेळ चाललं, एवढंच विचारत राहिल्या. मग त्यांनी नाशिकला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथे नितेशच्या डोक्याला चिकटवून चिकटवून तारा लावल्या आणि मेंदूचा आलेख काढला. तो आरशात स्वतःला बघून म्हणाला, "आई, आता मी रिमोटवर चालणार." तपासणारा मुलगा हसला, आणि हसताना त्याचा हात हलला म्हणून आलेख पुन्हा काढावा लागला.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाले, अपस्मार आहे. मला कळलं नाही. फिट, मिरगी, म्हणाले. मिरगी कळलं. माझ्या माहेरी एका माणसाला मिरगी होती आणि त्याचं ताट वेगळं ठेवायचे, शिवलं तर लागते म्हणून. मला एकदम नितेशचं वेगळं ताट दिसलं. डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं असावं. न विचारताच म्हणाले, हा आजार शिवून होत नाही, एका ताटात जेवा. मग मी रडले. त्या दिवशी मला सगळ्यात मोठा दिलासा मिळाला तो ताटाचा.

मी आणखी एक विचारलं होतं. यानं जीव जातो का? त्यांनी पेन खाली ठेवलं. "क्वचित जातो. म्हणूनच तर गोळी चुकवायची नाही." त्र्यंबकवरून मोखाड्याची एसटी घाट उतरेपर्यंत त्या 'क्वचित'चं मी माझ्या मनात 'नाही' करून टाकलं होतं. आईचं मन सोयीचं तेवढंच ऐकतं.

नाशिकला आम्ही काही दिवस राहिलो, गोळीचं माप बसेपर्यंत. वॉर्डातला दिवस ठरलेला असतो. पहाटे झाडू, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारचा न संपणारा कंटाळा. शेजारच्या खाटेवर पोशेऱ्याकडची एक बाई तिच्या मुलीला घेऊन होती. तिच्याकडे नागलीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी. वास सुटला की नर्सबाई ओरडत यायच्या, इथे हे काय चालवलंय, आणि दारात कोणी नाही ना बघून एक तुकडा तोंडात टाकून जायच्या. नितेशने तिसऱ्याच दिवशी त्यांची नक्कल बसवली. त्यांच्यासमोरच करून दाखवली. त्यांनी जाताना त्याला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला.

निघताना डॉक्टरांनी नियम सांगितले. गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, म्हणजे मळमळणार नाही. एकही चुकवायची नाही. झोप मोडायची नाही. नदीत, विहिरीवर, झाडावर, चुलीपाशी एकट्याने नाही. नितेशने विचारलं, अभ्यासाला एकट्याने बसलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, तो एकट्यानेच करायचा.

कोंबडी आणि टोपली

घरी खरी लढाई सुरू झाली. आमच्या बोहाड्याची पूजा लखमाबाबा करतात, माझे चुलत सासरे. त्यांचं म्हणणं, पोराला देवीने निवडलंय आणि तुम्ही तिला गोळ्यांनी हाकलताय. मी तोंडाची फटकळ. मी म्हटलं, बाबा, देवीला यायचं असेल तर तिने गोळी खाऊन यावं. मालकांनी मला कोपराने ढोसलं. बाबा दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि तोड काढली: गोळी पण दे, नारळ पण दे. आम्ही दोन्ही केलं. फिट येणं हळूहळू थांबलं. डॉक्टरांना वाटलं गोळीने, बाबांना वाटलं नारळाने. दोघेही खूश.

मालकांचं आणि माझं मात्र जुंपायचं. मी नितेशला नदीवर जाऊ देईना, खेकडे पकडायला सोडीना, डोळ्यांत तेल घालून बसायची. मालक फार बोलणारे नाहीत. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, कोंबडीसारखा टोपलीखाली झाकून ठेवणार का त्याला? मी चिडले, ताट सरकवलं, उपाशी झोपले. सकाळी मलाच पटलं.

तोडगा नितेशनेच काढला. त्याने मित्रांना जमवलं आणि त्यांना स्वतःची फिट करून दाखवली. धाडकन पडायचा, हातपाय झटकायचा आणि डोळे मिटलेलेच ठेवून हुकूम सोडायचा: "कुशीवर वळव. तोंडात काय घालू नको. दाबून धरू नको. दगड बाजूला कर." कोणी नाकाला चप्पल लावली की उठून तीच चप्पल त्याच्या पाठीत घालायचा. पोरं हसून गडाबडा लोळायची, पण शिकली. मग तो त्यांच्यासोबत नदीवर जायला लागला आणि मीही टोपली उचलली. खेकडे आणायचा. रस्सा असा व्हायचा की लखमाबाबा वासावर यायचे.

ती वर्षं मला कोणी परत दिली तर मी काहीही बदलणार नाही, फक्त खेकडे जास्त आणायला सांगेन.

मारुती

नितेश पंधरा वर्षांचा झाला तेव्हा दिराचा गुडघा गेला आणि मारुतीचं सोंग रिकामं झालं. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला, तसं झालं. घरातल्या घरात उड्या सुरू. मी त्याला घेऊन जव्हारला डॉक्टरीणबाईंकडे गेले, मनात म्हटलं, त्याच नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, फिट बऱ्याच दिवसांत नाही, नाचू दे, झोप मात्र पूर्ण व्हायला हवी. मारुती सकाळी निघतो. म्हणून संध्याकाळी लवकर झोपवायचा आणि उजाडताना उठवायचा असं ठरलं, आणि आम्ही ते तंतोतंत पाळलं.

मारुती कसा नाचला ते मी काय सांगू! संबळ त्याच्या बापाचा. बाप ताल वाढवतोय, पोरगा त्याहून वर जातोय. सरपंचांची टोपी पळवली. केळीवाल्याच्या टोपलीत हात घातला. नवसाच्या बाया ओवाळायला आल्या तर त्यांच्याच ताटातला गूळ उचलला. मी गर्दीत उभी राहून ज्याला त्याला सांगत होते, माझा आहे तो. सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी मी सांगत होते.

सोंग उतरल्यावर तो नदीवर अंघोळ करून आला, मित्रांसोबत. ताटभर भात खाल्ला आणि ओटीवर आडवा झाला. तोंडावर हसू तसंच. घरात पाहुणे भरलेले, मी कामात.

दिवस कलताना गावजेवणाला उठवायला गेले. तो उठला नाही.

झोपेत फिट येऊन श्वास थांबला असणार, असं डॉक्टर म्हणाले. कोणाला कळलं नाही, कोणाला कळलंही नसतं.

फिट पुन्हा का आली ते आम्हाला त्याच्या मित्राकडून कळलं, तेराव्यानंतर. सोंग घेणाऱ्याने पूजेपासून सोंग उतरेपर्यंत दोन दिवस अन्न घ्यायचं नाही, चहा-पाणी आणि फळावर राहायचं, अशी आमची रीत. त्या मित्राने त्याला विचारलं होतं, गोळी घेतलीस का? नितेश म्हणाला होता, डॉक्टर जेवल्यावर घे बोललेत, मी जेवलोय कुठं? मोठा झाला तसा गोळ्या तो स्वतःच घ्यायचा, मी रोज विचारायची सोडली होती. दोन दिवस त्याने एकही गोळी घेतली नव्हती. डॉक्टरचंही ऐकलं आणि देवाचंही ऐकलं. एवढा आज्ञाधारक तो जन्मात कधी नव्हता.

चपला लांब

त्या पावसाळ्यात मी काय केलं ते मला आठवत नाही. मालकांनी संबळ आढ्याला टांगला. आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांना चुकवायचो, कारण तोंडाला तोंड दिलं की तिसऱ्याची आठवण निघायची. मला माझं पोर हवं होतं, बाकी काही नको होतं. अजूनही हवं आहे. यात काही बदल झालेला नाही.

मी पुन्हा हसले ती अंगणवाडीत. एक चार वर्षांचं पोर चटईवर पडून पाय झाडत होतं. मी धावले तर बाकीची मुलं म्हणाली, बाई, थांबा, नितेशदादाची फिट खेळतोय. एकीने त्याला कुशीवर वळवलं. दुसरा बोबड्या बोलीत ओरडत होता, चपला लांब ठेवा, चपला लांब ठेवा. नितेशच्या मित्रांनी आपल्या धाकट्या भावंडांना शिकवलं होतं. मी तिथेच चटईवर बसले आणि हसले आणि रडले. मुलांना वाटलं बाईंना पण खेळायचं आहे. त्यांनी मलाही कुशीवर वळवलं.

मग मीही तेच करून दाखवायला सुरुवात केली. बायांच्या बैठकीत, बाजाराच्या दिवशी, पाड्या-पाड्यांवर. मी स्वतः पडते. पन्नाशीकडे झुकलेली बाई धाडकन पडली की लोक जमतात. मालकांना मी बळेच घेतलं. ते चप्पल घेऊन येतात, आणि मी पडल्या पडल्या त्यांना झापते. पंचवीस वर्षांच्या संसारात जे बोलता आलं नाही ते मी त्या नाटकात बोलून घेते. लोकांना ते फार आवडतं. मालकांनाही आवडतं, पण ते कबूल करत नाहीत.

मोखाड्याच्या बाजारात तर एक जीपवाला जीप तशीच टाकून धावत आला आणि भाजीवालीचा कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. मी डोळे उघडून म्हटलं, दादा, कांदा जेवणात घाला. माणसाला कुशीवर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा शुद्ध न येता पुन्हा सुरू झालं, तर तुमची जीप कामाची, कांदा नाही. त्यानंतर तो जीपवालाच प्रवाशांना हे सांगतो, आणि स्वतःची अक्कल असल्यासारखा सांगतो.

माझी बहीण मात्र बोलली. पोर जाऊन वर्ष झालं नाही आणि ही रस्त्यात लोळते. मला लागलं. मी तिला म्हटलं, त्याचं हेच एक काम माझ्याकडे राहिलंय, ते तरी करू दे. पुढच्या वेळी ती माझी साडी खराब होते म्हणून जुनी गोधडी घेऊन आली.

सुनंदाचा नवरा

चैत्र आला तशी बोहाड्याची तयारी सुरू झाली. एक दिवस सुनंदा बाळाचं वजन करायला अंगणवाडीत आली. वजन झालं तरी ती जाईना. सगळ्या बाया गेल्यावर म्हणाली, बाई, आमच्या यांना पण आहे.

तिचा नवरा काशिनाथ वाडा तालुक्यात एका कंपनीत कामाला जातो. गोळ्या नाशिकहून गुपचूप आणायचा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. कंपनीत कळलं तर घरी बसवतील ही भीती. यंदा त्याच्या घरचं रावणाचं सोंग त्याच्याकडे आलं होतं. त्याने बायकोला सांगितलं होतं, दोन दिवस नाही घेतल्या गोळ्या तर काय होतंय?

काय होतं ते मला ठाऊक होतं. मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो मान खाली घालून बसला. मी सगळं सांगितलं, नितेशचं, दोन दिवसांचं. शेवटी तो म्हणाला, "काकी, तुमचं पटतंय. पण मी उपासात गोळी खाल्ली नि बोहाड्यात काय वाकडं झालं तं गाव माझ्यावर घालंल. लखमाबाबा हो बोलले तरच."

लखमाबाबांकडे जायला मला धीर होत नव्हता. मी फटकळ असले तरी वर्षभर त्यांना गोळीचं आणि उपासाचं काही बोलले नव्हते. त्यांना वाटलं असतं मी देवीला बोल लावते आहे. म्हातारा माणूस, नितेशवर जीव टाकणारा. कशाला त्यांच्या छातीवर दगड ठेवायचा, असं मालकांनी आणि मी ठरवलं होतं.

गेले तेव्हा बाबा अंगणात सोंगांना, म्हणजे मुखवट्यांना, रंग देत बसले होते. पूजा त्यांची, त्यामुळे त्यांचा उपास सगळ्यांच्या आधी सुरू होतो. शब्द जुळवत मी उभी राहिले. तेवढ्यात त्यांनी कोपरीच्या खिशातून एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर चहाचा घोट घेतला.

मी म्हटलं, "बाबा, उपास आहे ना तुमचा?"

"हाय ना."

"मग हे?"

"बीपीची हाय. ती काय जेवण हाय का? डॉक्टर जेवल्यावर बोलतो, मी चहावर घेतो. बोहाड्यात कधी चुकवली नाय मी."

मी तिथेच रंगाच्या डब्यांपाशी बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आम्ही तर वळसाही घातला नव्हता. मी त्यांना सांगितलं, नितेशने दोन दिवस गोळी घेतली नव्हती. उपास म्हणून.

बाबांचा ब्रश हातातच राहिला. म्हणाले, "मला इचारलं असतं तं मी बोललो असतो गं, खा म्हणून. मला कोणी इचारलंच नाय."

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मनाई कोणीच केली नव्हती. देवीने केली नव्हती, बाबांनी केली नव्हती, डॉक्टरांनी केली नव्हती. आम्ही सगळे ती आहे असं धरून चाललो. म्हातारा रडला, मीही रडले. मग मी म्हटलं, काशिनाथही यंदा तेच करणार आहे; बाबांनी नाक पुसलं आणि म्हणाले, काशीचं काय ते नीट सांग.

पूजा

पूजेच्या संध्याकाळी सगळी सोंगं ओळीने मांडली, सोंग घेणारे समोर उभे राहिले. नारळ फुटला. एरवी यानंतर बाबा उपासाचे नियम सांगतात. या वेळी ते म्हणाले, "अन्नाचा उपास. गोळीला उपास नाय. ज्याची गोळी असंल त्यानं देवीसमोर घ्यायची, मंग सोंगाला हात लावायचा." आणि पहिली त्यांनी स्वतःची खाल्ली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच हलेना. मी काशिनाथकडे बघत नव्हते, पण मला दुसरं काही दिसतही नव्हतं. मग महिषासुर घेणारे आमचे माजी पोलीस पाटील पुढे आले, शुगरची गोळी म्हणाले. एवढा राक्षस नि त्याला शुगर, असं कोणीतरी मागून बोललं आणि हशा पिकला. त्या हशात खंडेराव पुढे आले, त्यांनाही बीपी. नरसिंह दम्याचा पंप घेऊन आला. देवदैत्यांची रांग लागली.

शेवटी काशिनाथ एकटा उरला. सुनंदा बाळाला घेऊन बायांमध्ये उभी होती. तो पुढे आला, खिशात हात घातला. बाबांनी विचारलं, कशाची रे? त्याने एकदा सगळ्या गावाकडे बघितलं.

"फिटची," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. बाबांनी स्वतःच्या हाताने त्याला केळं सोलून दिलं. फळ उपासाला चालतंच. त्याने गोळी घेतली. मालक वर्षभरानंतर आढ्यावरचा संबळ काढून आले होते. त्यांनी पहिला ठोका मारला तेव्हा मला वाटलं माझ्या छातीतच पडला.

तुमच्याकडे दुसरा उपास असेल, रोजा असेल, लग्नातली धावपळ असेल. गोळी कशाबरोबर घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आणि आपल्या बाबांना, आजीला, देवळातल्या माणसालाही विचारा. गोळी मात्र बंद करू नका.

ओटीवर

दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळची गोळी, तिसऱ्या दिवशी सकाळची गोळी, सगळं बाबांच्या डोळ्यांसमोर झालं. काशिनाथलाही आम्ही लवकर झोपवलं होतं, त्यामुळे रावण सकाळीच निघाला. दहा तोंडांचं ते ओझं सांभाळत तो असा घुमला की धाकटी पोरं आयांच्या मागे लपली. मालक वाजवता वाजवता घामाने भिजले. मी पुन्हा सगळ्यांना सांगत सुटले होते, आमचा आहे तो. नात्याने तो माझा कोणी लागत नाही.

सोंग उतरलं, अंघोळ झाली. काशिनाथ जेवला आणि घरात जाऊन झोपला.

मी म्हटलं, जरा सुनंदाच्या बाळाला बघून येऊ. गेले तर अंगणात लखमाबाबा आधीच बसलेले, सावली बरी आहे म्हणून. थोड्या वेळाने मालक आले, संबळाची दोरी काशिनाथकडे राहिली म्हणाले. दोरी त्यांच्या खांद्यावरच होती. मग पोलीस पाटील आले, पाणी प्यायला. नितेशचे मित्र आले, त्यांनी कारणसुद्धा शोधलं नव्हतं. बघता बघता अर्धा पाडा त्या अंगणात. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. सुनंदा आत नवऱ्याच्या उशाशी बसली होती. उन्हं उतरायला लागली. गावजेवणाच्या भाताचा वास आला, पण कोणी उठेना. मी दाराकडे बघत होते आणि मला दुसरी ओटी दिसत होती.

आत काहीतरी हललं. काशिनाथ डोळे चोळत दारात आला, केस विस्कटलेले, गालावर गोधडीचे वळ. एवढी माणसं बघून तो घाबरला.

"काय झालं? कोण गेलं काय?"

लखमाबाबा म्हणाले, "कोणी नाय गेलं, पोरा. कोणीच नाय गेलं."

आणि अख्खं अंगण हसायला लागलं. मालक हसत होते, डोळे पुसत होते. काशिनाथला काहीच कळेना, तो आम्हा सगळ्यांकडे वेड्यांकडे बघावं तसा बघत होता, आणि मी पुढे होऊन त्याचा हात धरला आणि म्हटलं, चल, जेवायला चल, भात निवतोय.